वाचकांचे प्रश्न : स्पर्धा परीक्षेतले इंग्रजी

प्रश्न : रोज ३० नवे शब्द अर्थासकट पाठ करते. यादी वाचताना सगळे येतात, पण पेपरात चार पर्यायांपैकी दोन सारखेच वाटतात आणि नेमका चुकीचा निवडला जातो. काय करू?

उत्तर : आधी ३० चे १० करा. १० नवे शब्द आणि प्रत्येकाच्या पाच उजळण्या धरल्या, तर काही आठवड्यांनी रोज ५० जुने शब्द समोर येतात. हे अर्ध्या तासात उरकते. ३० शब्दांना हाच हिशेब रोज १५० वर जातो. मग उजळणी मागे पडते आणि नुसती यादी वाढत राहते.

दुसरे, यादी वाचताना शब्द ओळखीचा वाटतो, त्यालाच आपण ‘येतो’ म्हणतो. अर्थ झाकून तो स्वतःला आठवला तरच येतो म्हणायचे. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची कार्डे कापा. पुढच्या बाजूला फक्त शब्द लिहा. मागे मराठी अर्थ, स्वतः रचलेले एक वाक्य, विरुद्धार्थी शब्द आणि शेवटी ज्याच्याशी घोटाळा होतो तो शब्द. ही शेवटची ओळ बहुतेक जण गाळतात, आणि मार्क तिथेच जातात. ‘डिसइंटरेस्टेड’च्या मागे ‘निःपक्ष’ लिहिलेत तर खाली ‘अनइंटरेस्टेड : रस नसलेला’ हवेच. ‘ऑफिशियस’खाली ‘ऑफिशियल नव्हे; लुडबुड्या’ अशी नोंद हवी. ‘स्टेशनरी’ची दोन कार्डे लागतील : शेवटी ए-आर-वाय असेल तर स्थिर, ई-आर-वाय असेल तर लेखनसाहित्य. ‘एन्व्हलप’मधला ई लक्षात ठेवला की झाले.

कार्ड दुसऱ्या, चौथ्या, आठव्या, सोळाव्या आणि तिसाव्या दिवशी पाहा. चुकले की ते पुन्हा पहिल्या दिवसावर येते. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात मांडलेली खोक्यांची पद्धत याच तत्त्वावर चालते : आलेले कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलेले पहिल्या.

मूळ धातूंवरून शब्द लावण्याचा नाद चांगला, पण बेताने. ‘लोक्वेशस’, ‘एलोक्वंट’, ‘सॉलिलोक्वी’ या तिन्हींत ‘बोलणे’ आहे, हे एकदा कळले की तिन्ही लक्षात राहतात. मात्र ‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल नव्हे. आपल्या ‘अमूल्य’सारखीच त्याची घडण आहे. आणि ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे चटकन पेट घेणारे!

प्रश्न : वाक्प्रचारांचे मराठी भाषांतर करून पाठ करतो. ही पद्धत बरोबर आहे का?

उत्तर : काहींसाठी उत्तम, काहींसाठी घातक. म्हणून पाठ करण्याआधी तीन ढीग करा.

पहिल्या ढिगात मराठीत जसेच्या तसे सापडणारे : आगीत तेल ओतणे, जखमेवर मीठ चोळणे, मांजराच्या गळ्यात घंटा बांधणे. यांच्यावर वेळ घालवू नका.

दुसरा ढीग फसव्यांचा. मराठीत कुणाचे पाय ओढणे म्हणजे त्याला पुढे जाऊ न देणे. इंग्रजीत ‘पुल समवन्स लेग’ म्हणजे थट्टा करणे. आपण वाहत्या गंगेत हात धुऊन घेतो तेव्हा फायदा उपटतो, इंग्रज ‘वॉश हिज हँड्स ऑफ’ करतो तेव्हा जबाबदारी झटकतो. एखाद्याच्या जमिनीवर डोळा ठेवणे म्हणजे ती बळकावू पाहणे, पण ‘कीप ॲन आय ऑन’ म्हणजे नुसते लक्ष ठेवणे. पर्याय तयार करणाऱ्यालाही हे शब्दशः अर्थ सुचतात आणि तो ते हमखास देतो. म्हणून शब्दशः अर्थाचा पर्याय दिसला की आधी त्याच्याकडेच संशयाने पाहा.

तिसऱ्या ढिगात शब्दांवरून अर्थाचा थांग न लागणारे : ‘ॲट सिक्सेस अँड सेव्हन्स’ म्हणजे सगळा सावळा गोंधळ, ‘हँड इन ग्लव्ह’ म्हणजे संगनमत. इथे पाठांतराला इलाज नाही, पण ते प्रसंगासकट करा. आणि सुरुवातीचे शब्दयोगी सोडू नका. ‘ॲट द इलेव्हन्थ अवर’, ‘इन द निक ऑफ टाइम’, ‘ऑन द स्पर ऑफ द मोमेंट’ यांत ‘ॲट’, ‘इन’, ‘ऑन’च्या जागी रिकामी जागा ठेवूनही प्रश्न येतो.

प्रश्न : व्याकरणाचे नियम येतात, तरी वाक्यातली चूक शोधायच्या प्रश्नात ‘नो एरर’वर खूण होते. नजर का चुकते?

उत्तर : कारण आपण वाक्य अर्थासाठी वाचतो आणि अर्थ तर लागतो! हे वाक्य घ्या : ‘द लिस्ट ऑफ सिलेक्टेड कँडिडेट्स हॅव बीन पब्लिश्ड.’ कानाला खटकत नाही, कारण क्रियापदाला खेटून ‘कँडिडेट्स’ आहे. मराठीत ‘निवडलेल्या उमेदवारांची यादी जाहीर झाली’ म्हणताना ‘यादी’ क्रियापदाजवळ येते, म्हणून आपण चुकत नाही. इंग्रजीत ती मागे राहते आणि मध्ये ‘ऑफ’ची शेपटी वळवळते. ‘ऑफ’पासून क्रियापदापर्यंतचा भाग बोटाने झाका : ‘द लिस्ट हॅज’. ‘अलाँग विथ’ आणि ‘ॲज वेल ॲज’ आले तरी असेच झाका.

नजर फिरवायचा क्रम ठरवून ठेवा : कर्ता आणि क्रियापद, मग काळ, मग शब्दयोगी, मग आर्टिकल. एका वाक्याला ४० सेकंद पुरे. चारही ठिकाणी काही सापडले नाही तरच ‘नो एरर’.

आता चुका कुठून येतात ते पाहा. बऱ्याच सरळ मराठीतून येतात. ‘पाच वर्षांपासून’ आणि ‘२०१९ पासून’ दोन्हीकडे आपला ‘पासून’ एकच. इंग्रजीत कालावधीला ‘फॉर’, आरंभबिंदूला ‘सिन्स’. ‘तो येत नाही तोपर्यंत थांब’मधला ‘नाही’ आपण ‘अन्टिल ही डज नॉट कम’ असा उचलून नेतो. ‘अन्टिल ही कम्स’ एवढेच हवे. विषयावर चर्चा करतो म्हणून ‘डिस्कस ऑन’, घरापर्यंत पोहोचतो म्हणून ‘रीच टू’. दोन्हीकडे शब्दयोगी नकोच. ‘पेक्षा’मुळे ‘सीनियर दॅन’ आणि ‘प्रेफर टी दॅन कॉफी’ होते, तिथे ‘टू’ हवे.

आर्टिकल आपल्या भाषेतच नसल्याने कान मदत करत नाही. नियम उच्चाराचा आहे, स्पेलिंगचा नाही : ‘ॲन अवर’, ‘ॲन एमएलए’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’.

सरावाची वही म्हणाल तर तीन रकाने पुरेत : चुकलेले वाक्य, दुरुस्ती, आणि चुकीचे कारण चार शब्दांत. ‘लक्ष नव्हते’ हे कारण धरू नका. ‘पासूनमुळे सिन्स टाकले’ हे कारण. पंधरा दिवसांनी तिसरा रकाना वाचलात की तीन-चार कारणेच पुन्हा पुन्हा दिसतील. पुढचा सराव तेवढ्यांचाच करा.

प्रश्न : नकारात्मक गुण असतील तर अंदाजाने उत्तर द्यावे का?

उत्तर : चार पर्याय, एक गुण, चुकीला पाव गुण वजा धरू. १६ प्रश्न डोळे मिटून सोडवले तर सरासरी ४ बरोबर, १२ चूक; हाती १ गुण. एकतृतीयांश वजा असेल तर शून्य. पण दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर पाव गुणाच्या हिशेबाने त्याच १६ प्रश्नांत सरासरी ६ गुण मिळतात. अट ‘खात्रीने’ची आहे. सरावात बाद केलेल्या पर्यायांवर फुली मारत जा, आणि त्या फुल्यांपैकी बरोबर उत्तरावर किती पडल्या ते मोजा. दहात एकाहून जास्त निघाल्या, तर तूर्त तसे प्रश्न सोडून द्या.