मनमाडच्या फायरमनला अनाहाइमची वाफेची गाडी दाखवावी का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वडील मनमाडला मीटरगेजवर फायरमन, म्हणजे वाफेच्या इंजिनाची आग सांभाळणारे, होते, आता 78 वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, आणि कॅलिफोर्नियात अनाहाइमच्या डिस्नेलँडसाठी एकच दिवस हाताशी आहे. भाचा म्हणतो, पार्कभोवतीची ती गाडी म्हणजे लहान मुलांची झुकझुकगाडी, तिच्यात वेळ घालवू नका. मी नाशिकरोडच्या रेल्वे वसाहतीत वाढलो, आणि त्या गाडीत दोन वेगवेगळ्या वर्षी मिळून सात फेऱ्या मारल्यात. माझं मत भाच्याच्या अगदी उलट आहे. बाकी काही सोडावं लागलं तर सोडा, पण ही गाडी सोडू नका.

ती खेळणं नाही. बॉयलर खरा, वाफ खरी, आणि इंजिनावर ड्रायव्हर आणि फायरमन दोघंही असतात. 17 जुलै 1955ला पार्कचं उद्घाटन झालं तेव्हापासून ही गाडी धावते आहे, आणि त्या दिवशी वॉल्ट डिस्ने स्वतः इंजिनात उभे राहून स्टेशनात आले होते. रूळ 3 फुटी गेजचे आहेत, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर 914 मिलिमीटर. वडिलांच्या मीटरगेजपेक्षा जेमतेम साडेतीन इंच कमी! आपली माथेरानची गाडी 2 फुटी आणि पूर्वीची पाचोरा-जामनेर अडीच फुटी, म्हणजे ही त्या दोन्हींपेक्षा रुंद. हा आकडा त्यांना आधीच सांगून ठेवा, त्यांच्या डोळ्यापुढे लगेच चित्र उभं राहील.

इंजिनं पाच आहेत आणि प्रत्येकावर नंबर असतो. 1 आणि 2 ही पार्कसाठी नव्याने बांधलेली, जुन्या धाटणीची, पण पूर्ण आकारापेक्षा लहान ठेवलेली. 3, 4 आणि 5 मात्र फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यातली, पार्कपेक्षा कितीतरी वयस्कर. यातलं 3 नंबर, फ्रेड गर्ली नावाचं, 1894चं आहे. लुइझियानातल्या मळ्यांवर ते ऊस ओढायचं. निफाडच्या रस्त्यावर उसाच्या गाड्यांमागे अडकलेल्या आपल्या माणसाला त्या इंजिनाबद्दल लगेच आपुलकी वाटते, निदान मला तरी वाटली. 4 नंबर 1925चं आणि 5 नंबर 1902चं.

एक गोष्ट मात्र वडिलांना घरूनच सांगा, नाहीतर प्लॅटफॉर्मवर हिरमोड होईल. कोळसा नाही आणि फावडंही नाही. स्वयंपाकाच्या तेलापासून बनवलेलं बायोडिझेल बर्नरने जाळतात. त्यामुळे डोळ्यात कण जाणं नाही, बाह्या काळ्या होणं नाही, आणि तो ओळखीचा वासही नाही. पण आग लहानमोठी करणं, धुराड्याकडे बघून ती बरोबर आहे का हे ठरवणं, काचेतली पाण्याची पातळी सांभाळणं, हे फायरमनचं काम तेच आहे. त्यांचे कान अजून शाबूत असतील तर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर लागल्याचा आवाज ते तुमच्या आधी ओळखतील.

फेरी साधारण वीस मिनिटांची, तिकीट प्रवेशातच धरलेलं, आणि स्टेशनं चार. मेन स्ट्रीटचं स्टेशन प्रवेशद्वाराशीच आहे म्हणून बहुतेक जण तिथे चढतात, पण त्याचा फलाट उंचावर आहे. मी तुम्हाला न्यू ऑर्लिन्स स्क्वेअरच्या स्टेशनला जायला सांगेन, कारण गरज पडेल तेव्हा इंजिन तिथे पाणी भरतं. पाणी भरणारं इंजिन बघायला मिळालं तर वडिलांना हलवायची घाई करू नका.

तिथलीच अजून एक गोष्ट, जी शेकडो माणसं न ऐकता पुढे जातात. स्टेशनसमोरच्या तार ऑफिसातून सतत कडकट्ट चालू असते. माझे मामा लासलगावच्या पट्ट्यात स्टेशनमास्तर होते, मोर्स, म्हणजे तारेची टिंब-रेघांची भाषा, त्यांच्या बोटात भिनलेलं. आम्ही फोटो काढत होतो आणि ते कठड्यावर बोटं आपटत उभे. थोड्या वेळाने त्रासून म्हणाले, "ई, टी, एन बरोबर येतात रे, पण मध्येच सगळं विस्कटतं. कोण बसलाय तारेवर?" घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं, तो जुना अमेरिकन मोर्स आहे. त्यात सी, ओ, आर अशी बरीच अक्षरं आपल्याकडे वापरायचे त्या मोर्सपेक्षा वेगळी असतात. आणि तारेवरून जातात त्या उद्घाटनाच्या भाषणातल्या सुरुवातीच्या ओळी. मामांचं मोर्स चुकलं नव्हतं, हे कळल्यावर त्यांना जो आनंद झाला तो त्या सगळ्या सहलीतला मला सर्वांत जास्त आठवतो. वडिलांच्या कुणा तारमास्तर मित्राला हे जरूर सांगा.

बसताना उजवी बाजू धरा. गाडी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, त्यामुळे पार्क, नदी आणि धबधबे उजवीकडे येतात. काही डब्यांत बाकंच उजवीकडे तोंड करून असतात, पण तुमच्या वाट्याला समोर तोंड असलेली बाकं आली तर वडिलांना उजव्या टोकाला बसवा. शेवटी बोगद्यात ग्रँड कॅनियनचा मोठा देखावा आणि त्यानंतर डायनोसॉर लागतात. ते पुतळे 1964च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यातून आणलेले. नातवंडांना तेच आवडतील, वडिलांचं लक्ष तोवर पुन्हा पुढच्या आवाजाकडे गेलेलं असेल.

सकाळी आत शिरताच आज गाडी चालू आहे ना हे आधी विचारा. देखभालीसाठी ती कधीकधी बंद असते. आणि फलाटावर पहिलीच गाडी 1 किंवा 2 नंबरची आली तर लगेच चढू नका. मागून येणारं इंजिन कुठलं आहे ते तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा, आणि 3 नंबर असेल तर वडिलांना बाकावर बसवून ती गाडी सरळ जाऊ द्या.