आमची आई, अवर मदर

प्रश्न : बाई, मी २६ वर्षांची आहे. इंग्रजी घेऊन बी.ए., मग बी.एड. केलं. सिडकोतल्या एका शाळेत चार वर्षं शिकवते. ओळखीतून एक एजंट भेटला. म्हणतो, 'दक्षिण कोरियात क्लासमध्ये मुलांना इंग्रजी शिकवायची नोकरी लावून देतो. अडीच लाख द्या, आत्ता टुरिस्ट व्हिसावर जा, पुढचं तिथं गेल्यावर बघू.' पप्पा कर्ज काढायला तयार आहेत. दुसरी भीती अशी, की माझं सातवीपर्यंतचं शिक्षण मराठी शाळेत झालं आणि बोलण्यात मराठी वळण आहे. ती मुलं माझ्याकडून इंग्रजी शिकतील का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : वयाच्या नात्याने तुला अगं-तुगं करते. पैसे देऊ नकोस. पप्पांना आज संध्याकाळीच सांग, कर्जाच्या फॉर्मवर सही करू नका.

कोरियात परदेशी माणसाला इंग्रजी शिकवायचं तर ई-२ नावाचा व्हिसा लागतो. खासगी क्लासमध्ये शिकवण्यासाठी तो सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो : अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. आपला देश त्यात नाही. भारत आणि कोरिया यांच्यात १ जानेवारी २०१० पासून जो आर्थिक भागीदारीचा करार लागू आहे, त्यात भारतीय शिक्षकांसाठी एक दार ठेवलेलं आहे. पण ते प्राथमिक-माध्यमिक शाळांतल्या इंग्रजीच्या साहाय्यक शिक्षकाचं, आणि त्यासाठी पदवीबरोबर शिक्षक म्हणून पात्रता लागते. तुझं बी.एड. तिथं कामाला येईल, एजंट सांगतो त्या क्लासमध्ये नाही. टुरिस्ट व्हिसावर शिकवताना सापडलीस तर परत पाठवतात, आणि पुन्हा त्या देशाचा व्हिसा मिळणं कठीण होऊन बसतं.

आणखी एक. परदेशात नोकरी लावून देणाऱ्या एजंटला १९८३च्या कायद्याप्रमाणे सरकारकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी झालेल्यांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे, नाव तिथं शोध. नोंदणी असली तरी उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याच्या वर फी घेता येत नाही. अडीच लाखांचा आकडा ऐकला तिथंच उठायला हवं होतंस. 'पासपोर्ट माझ्याकडे ठेवा' म्हणाला, तर तेही करू नकोस. ती वही आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेली आहे, ती तुझ्या कपाटातच राहू दे.

आता तुझी भीती, कारण मला खरं बोलायचंय ते त्याबद्दल.

मी अकरा वर्षं पुण्यात कोरियन कुटुंबांच्या घरी जाऊन मुलांना इंग्रजी शिकवलं. मुलांचे वडील आसपासच्या कारखान्यांत नोकरीला असायचे. आता कॉलेज रोडवरच्या घरी बसून ऑनलाइन शिकवते. माझंही शिक्षण मराठीतलंच, सिन्नरच्या शाळेतलं.

माझ्याकडे नऊ वर्षांचा एक मुलगा होता, एकुलता एक. निबंधात सगळीकडे 'अवर मदर', 'अवर हाऊस'. आधीच्या शिक्षकाने प्रत्येक 'अवर'खाली रेघ मारून ठेवलेली. मुलाला कळेना आपलं काय चुकलं. मला वही बघताक्षणी कळलं. आपण काय म्हणतो? 'आमची आई', 'आमच्याकडे या'. एकुलतं एक लेकरूसुद्धा 'आमची आई'च म्हणतं. कोरियन भाषेत त्यासाठी 'उरी' हा शब्द आहे. मी त्याला सांगितलं, 'तुझं चुकलेलं नाही, आमच्याकडेही असंच म्हणतात. इंग्रजीत मात्र माय मदर.' मग 'आमची आई' हे दोन शब्द त्याच्याकडून मराठीत म्हणवून घेतले. तो हसला. त्या दिवसानंतर वहीत 'अवर मदर' आलं नाही.

अशी कितीतरी दारं तुला आपोआप उघडी आहेत. त्यांचं वाक्य आपल्यासारखंच, क्रियापद शेवटी : मी, भात, खाल्ला. 'मध्ये', 'पासून', 'ला' हे आपल्यासारखंच शब्दाच्या मागून येतं. 'ए' आणि 'द' त्यांच्याकडेही नाहीत, म्हणून ते का गळतात हे तुला सांगावं लागणार नाही. तू-तुम्हीचा फरक त्यांच्याकडे आपल्याहून कडक. वडिलांना लाडाने 'आप्पा' म्हणतात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला माझे आजोबाच आठवले.

उच्चारांचंही तसंच. दात ओठावर टेकवून म्हणायचा 'फ' त्यांच्याकडे नाही. 'फिश'चा 'पिश' होतो, 'कॉफी'ची 'कॉपी'. झेडही नाही. 'झू'चा 'जू' होतो. पण तुझ्या तोंडात दोन 'ज' आहेत, जेवणातला आणि जहाजातला. दोन्ही एकामागून एक म्हण आणि जीभ कुठून कुठे सरकते ते बोटाने दाखव. मुलं तोंडाकडे बघून शिकतात. जोडाक्षरात ती मध्ये स्वर घालतात, 'आइस्क्रीम'चे पाच तुकडे करतात. मी टाळ्या वाजवून घेते. 'क्रीम'ला एकच टाळी. आठवडाभर टाळ्या वाजवल्या की फरक पडतो.

तेव्हा मराठी वळण लपवू नकोस. शब्दावरचा जोर आणि स्वरांची लांबी यांवर मेहनत घे, रोज मोठ्याने वाच. अमेरिकन बोलण्याची नक्कल मात्र नको. तिने मुलंही गोंधळतात आणि तूही दमशील.

त्यांची लिपी शीक. राजा सेजोंगने १४४६ मध्ये ती लोकांसमोर आणली. आज तिच्यात पायाची १४ व्यंजनं, १० स्वर आहेत, आणि अक्षरं जुळतात आपल्यासारखी, उच्चाराप्रमाणे. मी शिकले तेव्हा एका मुलीचं नाव तिच्या लिपीत तिच्या वहीवर हौसेने लिहिलं, हातात होतं त्या लाल पेनाने. दुसऱ्या दिवशी तिच्या आईने फार हळुवारपणे सांगितलं, जिवंत माणसाचं नाव आमच्याकडे लाल शाईने लिहीत नाहीत, त्याचा संबंध मृत्यूशी जोडतात. मला रात्रभर वाईट वाटलं. नवीन वही आणली, निळ्या पेनाने नाव घातलं आणि दोन्ही हातांनी तिला दिली. मोठ्यांना काही देताना-घेताना ती माणसं दोन्ही हात वापरतात, म्हणून मीही तसंच दिलं. तेव्हापासून माझ्या टेबलावर लाल पेन नाही.

प्रश्न : मी ऑनलाइन एका आठ वर्षांच्या कोरियन मुलाला शिकवतो. 'समजलं का?' विचारलं की प्रत्येक वेळी 'यस टीचर'. वाक्य करायला सांगितलं की गप्प. आळशी आहे का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : आळशी नाही. कोरियन भाषेत 'ने' म्हणजे 'हो'. पण मोठ्या माणसासमोर ते 'ऐकतोय' म्हणूनही म्हटलं जातं, आपलं 'हं... हं' असतं तसं. त्याचं 'यस' हे त्या 'ने'चं भाषांतर आहे. शिक्षकाला 'नाही समजलं' म्हणणं त्याला उद्धटपणा वाटतो.

'समजलं का' विचारणं आजपासून बंद करा. 'दाखव' म्हणा. पेन्सिल पेटीच्या आत ठेव, आता पेटीखाली ठेव. त्याचा हात काय करतो त्यावरून लगेच कळेल. तुम्ही एक वाक्य मुद्दाम चुकीचं म्हणा आणि त्याला दुरुस्त करू द्या. आणि प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. आपण शिक्षक तीनलाच उत्तर सांगून मोकळे होतो.

तासाची वेळही बघा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तुम्ही साडेचारला चहा घेऊन बसता तेव्हा त्याच्याकडे रात्रीचे आठ वाजलेले असतात, आणि शाळा, मग एखाद-दोन क्लास करून ते लेकरू स्क्रीनसमोर आलेलं असतं. त्याच्या आईशी बोलून शनिवारी सकाळची वेळ मिळते का विचारा.