भंडारदरा: आई आणि मुलाला घेऊन दोन दिवसांत काय करावं, काय सोडावं

ताई, तुम्ही विचारलंय ते असं: जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी ठाण्याहून गाडीने भंडारदऱ्याला जायचं. सोबत 67 वर्षांच्या आई, त्यांचे गुडघे दुखतात, आणि 10 वर्षांचा मुलगा. यादीत कळसूबाई, सांदण दरी, रतनगड, काजवे आणि जमतील तेवढे धबधबे. मी अकोले तालुक्याच्या या पट्ट्यात वीसेक वर्षं जातोय, म्हणून आधी स्पष्ट सांगतो. यादीतल्या निम्म्या गोष्टी जुलैत होणार नाहीत, आणि उरलेल्यांपैकी सगळ्या दोन दिवसांत बसवू नका.

काजवे हा मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंतचा खेळ. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की हिरडा, बेहडा, सादडा, उंबर अशा झाडांवर ते लुकलुकायला लागतात आणि मोठा पाऊस धरला की संपतात. जुलैत काजवे दाखवतो असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका.

सांदणचा विषय तर पावसाळ्यात काढूच नका. ही दरी म्हणजे साम्रद गावाजवळच्या कातळात पडलेली खोल, चिंचोळी भेग. डोंगरावर पडलेलं पाणी खाली कोकणात उतरतं ते याच भेगेतून. वर सर आली की आत पळायला जागा नसते, दोन्ही बाजूंना सरळ उभा कातळ. तिथे दिवाळीनंतरच जावं, आणि तेव्हाही साम्रदचा वाटाड्या बरोबर घेऊन. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला की जरूर न्या. रतनगड किल्लाही या खेपेला नको. शिड्या आहेत, ढगात वाट हरवते आणि अख्खा दिवस जातो.

राहिली कळसूबाई. 1646 मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, त्यामुळे मुलाला तिथे चढायचंय हे अगदी समजतं. पण जुलैतला रविवार टाळाच. काही वर्षांपूर्वी मी पुतण्याला घेऊन अशाच एका रविवारी गेलो होतो. शेवटच्या लोखंडी शिडीवर वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर अडकले. पाऊण तास आम्ही एकाच पायरीवर उभे. वारा असा की पाऊस आडवा येत होता. नऊ वर्षांचं पोर, त्याची बोटं गार लोखंडाला धरून पांढरी पडली होती आणि तो एक शब्द बोलत नव्हता. मी माझे हात त्याच्या हातांवर ठेवून उभा राहिलो, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. त्यानंतर पावसाळी रविवारी मी कुणालाही तिकडे पाठवत नाही.

म्हणून माझं ऐकाल तर तारीखच बदला. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरा आणि शक्य असेल तर मधले वार. पाऊस ओसरलेला असतो, ओढे-धबधबे अजून वाहत असतात, धरण बहुतेक भरलेलं असतं. पठारांवर सोनकीचा पिवळा रंग, बांधांवर गुलाबी तेरडा, खाचरांत पोटरीला आलेलं भात. फक्त नवरात्राच्या तारखा बघून घ्या. त्या दिवसांत कळसूबाईला यात्रा असते.

पहिला दिवस आईंचा. कसारा घाट, इगतपुरी, घोटी करून धरणालगतच्या शेंडी गावात या. पेट्रोल घोटीतच भरा. शेंडीतून जलाशयाला वळसा घालणारा रस्ता आहे. बहुतेक गाड्या घाटघरकडून सुरुवात करतात, तुम्ही उलटं करा, मुतखेल-कोलटेंभेवरून आधी रतनवाडी गाठा. सकाळी नऊच्या आत पोहोचलात तर अमृतेश्वराचं देऊळ शांत मिळेल. शिलाहारांच्या काळातलं हे काळ्या दगडाचं देऊळ, अंगभर कोरीवकाम. भर पावसात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. आईंना मंडपात निवांत बसू द्या आणि मुलाला छताचं नक्षीकाम दाखवा. शेजारी पुष्करणी आहे, भिंतींत देवकोष्ठं, म्हणजे मूर्तींचे कोनाडे आहेत, पण पायऱ्यांवर शेवाळ असतं. आईंनी ती काठावरूनच बघावी. समोरच्या रतनगडाच्या डोंगरात प्रवरा उगम पावते. हीच नदी पुढे ज्ञानेश्वरांच्या नेवाशावरून जाऊन गोदावरीला मिळते. हे आईंना तिथे, त्या पाण्याशेजारी सांगा, त्यांना फार बरं वाटेल.

पुढे साम्रदवरून घाटघर. कोकणकड्याशी गाडी जवळपर्यंत जाते, चालणं थोडंच. ढग उघडले तर अलंग, मदन, कुलंग हे तिन्ही किल्ले दिसतात आणि खाली सरळ कोकण. नाही उघडले तर अर्धा तास थांबा, लगेच निघू नका. इथे पडदा एकदम सरकतो. कठड्याच्या पलीकडे कुणीही जायचं नाही, मुलाचा हात सोडायचा नाही. मुलाला विजेचं कुतूहल असेल तर घाटघरचा 250 मेगावॉटचा प्रकल्प समजावून सांगा. वरच्या धरणातलं पाणी खाली सोडून वीज करतात आणि मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवतात.

परतताना उडदावणे, पांजरे, मुरशेत ही गावं लागतात. संध्याकाळी विल्सन धरण, म्हणजे भंडारदऱ्याचंच धरण. 1926 मध्ये पुरं झालेलं हे दगडी काम आजही बघत राहावं असं आहे. पायथ्याचा छत्रीसारखा धबधबा मात्र पाणी सोडलेलं असेल तरच दिसतो. रंधा धबधबा राजूरच्या रस्त्यावर आहे, तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवलात तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आणि मुलगा कळसूबाई चढायला पायथ्याच्या बारी गावातून पहाटे सहाला निघा. मुलाच्या चालीने चढायला साडेतीन तास, उतरायला अडीच धरा. मुलाला पकड असलेले बूट हवेत, गुळगुळीत तळव्याचे नकोत. शिडीवर एका वेळी एकच हात सुटला पाहिजे, हे खालीच शिकवा. आईंना एवढ्या लांब आल्यावर देवीचं दर्शन हुकल्याची रुखरुख लागेल. ज्यांना वर जमत नाही त्यांच्यासाठी बारीच्या वर, पायथ्याकडे कळसूबाईचं देऊळ आहे. तिथपर्यंतही चढ आहेच, म्हणून सकाळी त्यांचे गुडघे काय म्हणतात ते बघून ठरवा. नाहीच जमलं तर बारीतल्या एखाद्या घरी त्यांना थांबवा. आमच्या आईला मी असंच थांबवलं होतं. आम्ही उतरलो तेव्हा ती चुलीपुढे बसून घरच्या मावशींकडून नागलीची भाकरी हातावर थापायला शिकत होती, आणि कळसू नावाच्या मुलीची गोष्ट ऐकून झाली होती: केर-भांडी करणार नाही या अटीवर कामाला राहिलेली, आणि अट मोडल्यावर डोंगरावर निघून गेलेली.

मुक्काम गावातल्या घरगुती सोयीतच करा. आईंसाठी कमोड आहे का हे आधीच फोनवर विचारा, सगळीकडे नसतो. जेवणाची माणसं आदल्या दिवशी कळवा, तिथे हॉटेलसारखं आयत्या वेळी काही नसतं. हा सगळा भाग अभयारण्यात येतो. नाक्यावर प्रवेश शुल्काची पावती घ्या आणि प्लास्टिक परत घेऊन या. रतनवाडी-साम्रदकडे मोबाईलला रेंज धड नसते, म्हणून घरच्यांना शेंडीतूनच फोन करून ठेवा. आणि तारीख ठरली की इथे लिहा, त्या आठवड्यात कुणी तिकडून आलं असेल तर रस्त्याची ताजी स्थिती विचारून सांगतो.