कुलपातलं सोल्डरिंग आयर्न

प्रश्न : उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. मुलगा बारावी सायन्स, 56 टक्के. सुट्टीभर राजारामपुरीतल्या एका मोबाईल-लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात बसून असतो. एवढं वेड आहे तर कॉम्प्युटर इंजिनिअरिंग कर, मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतो म्हटलं. ऐकत नाही. शेवटी त्याचं सोल्डरिंगचं, म्हणजे पार्टला डाग देऊन जोडायचं सामान कपाटात कुलूप लावून ठेवलं. पाव्हण्यांना काय सांगू, पोरगं मोबाईल उघडत बसतंय?
– एक वडील, कोल्हापूर

उत्तर : टक्क्यांचं नंतर बघू. मला ते कुलूप खटकलं. पोरगं रंकाळ्यावर टवाळक्या करत नाही, काम शिकतंय, आणि त्याची ही शिक्षा? तीही कुणी द्यावी, तर लेथवर उभं राहून संसार केलेल्या माणसानं! थोड्या मायक्रॉननं माप चुकलं की लेथवरचा जॉब, म्हणजे घडवलेला भाग, रिजेक्ट होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमचा मुलगा मोहरीहून बारीक पार्ट मोबाईलच्या सर्किट बोर्डावरून उचलायला शिकतोय. आपले हात काळे झाले, त्याचे होऊ नयेत, ही माया मला कळते. पण तुमच्या पत्रात मायेपेक्षा पाव्हणेच जास्त दिसतात.

आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगमध्ये कॉम्प्युटर दुरुस्त करायला शिकवतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तिथं प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, अल्गोरिदम आणि भरपूर गणित असतं. चार वर्षांत स्क्रूड्रायव्हर क्वचितच हातात येतो. लॅपटॉप बंद पडला की ‘मदरबोर्ड गेला’ म्हणतात, पण पुष्कळदा त्यावरचा कपॅसिटर नावाचा एखादा बारीक पार्टच शॉर्ट झालेला असतो. मल्टिमीटर (वीज तपासायचं मीटर) लावून शॉर्ट कुठं आहे ते शोधायचं, तेवढाच पार्ट बदलायचा. हे इलेक्ट्रॉनिक्स झालं. (महापुरात भिजलेला फोन आपण तांदळात पुरतो, तसलाच तुमचा हा इंजिनिअरिंगबद्दलचा समज. तांदळानं बोर्डावरचा गंज जात नाही. बोर्ड उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ करावा लागतो.)

कळंब्याच्या शासकीय आयटीआयमध्ये ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ या 2 वर्षांच्या ट्रेडची चौकशी करा, नाहीतर बारावीच्या जोरावर इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करा. कोट्याचे पैसे राहू द्यात.

मुलालाही सांगा, नुसते डिस्प्ले आणि बॅटऱ्या बदलून भागणार नाही, सर्किट वाचता आलं पाहिजे. आणि गिऱ्हाइकाच्या फोनमधली गॅलरी उघडायची नाही, म्हणजे नाही.

सामान आजच काढून द्या. फक्त माळ्यावर कोंडून काम करू देऊ नका, सोल्डरिंगचा धूर वाईट. वर्कशॉपात खिडकीजवळ एक टेबल मोकळं करता येईल का बघा.