प्रत्येक गुणानंतर ती तुमच्याकडे का बघते?

प्रश्न : माझी सोळा वर्षांची मुलगी बॅडमिंटन खेळते. सरावात भल्याभल्यांना हरवते, स्पर्धेत मात्र पहिल्याच फेरीत गळपटते. सामन्याआधी उलट्या होतात. मी कोर्टाजवळच असतो, शेवटपर्यंत सूचना देतो. प्रत्येक गुणानंतर ती माझ्याकडे बघते. तिच्यासाठी आम्ही सगळं पणाला लावलंय. मन खंबीर करणारा कोर्स सुचवा. पुढे क्रीडा मानसशास्त्रात करिअर होईल का? – एक पालक

उत्तर : करिअरचं आधी उरकून टाकू. मानसशास्त्रात पदवी, मग क्रीडा मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण. घाई नाही.

ती प्रत्येक गुणानंतर तुमच्याकडे बघते, हे तुम्ही कौतुकानं लिहिलंय. मला ते वाचून धास्ती वाटली. समोरची खेळाडू आणि बाबांचा चेहरा, पोरीनं दोन्हीकडे लक्ष द्यायचं कसं?

घाबरणारी मुलं मनानं कच्ची असतात, हा समज डोक्यातून काढा. तोवर चार ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवलेल्या अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सनं २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये मानसिक स्वास्थ्याचं कारण देऊन सांघिक अंतिम फेरी अर्ध्यावर सोडली. तिला कुठला कोर्स सुचवाल? क्रीडा मानसशास्त्रज्ञ रेनर मार्टेन्स यांच्या मांडणीत स्पर्धेच्या ताणाची दोन मुळं आहेत : निकाल किती अनिश्चित आहे आणि तो खेळाडूला किती महत्त्वाचा वाटतो. अनिश्चितता खेळात असणारच, नाहीतर खेळायचं कशाला! महत्त्व मात्र घरातून वाढवता येतं. 'सगळं पणाला लावलंय' हे ऐकलेल्या मुलीसाठी पहिली फेरी ही पहिली फेरी राहतच नाही.

आणि त्या सूचना! अंगवळणी पडलेली हालचाल दडपणाखाली मुद्दाम सांभाळायला गेलं की बिघडते. सर्व्हिस करताना 'मनगट सैल ठेव' आठवलं की शटल जाळ्यात. सरावात ती जिंकते, कारण तिथे ती मनगटाचा विचारच करत नाही.

पुढच्या काही स्पर्धांना तुम्ही जाऊ नका. घरी आल्यावर तिनं निकाल सांगितला तर ऐका, नाही सांगितला तर विचारू नका. उलट्यांसाठी आधी डॉक्टरांना दाखवा. मग क्रीडा मानसशास्त्रज्ञांकडे न्या, पण आत तिला एकटीलाच बसू द्या.

तिला खेळायचंय का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि ते न वाचता पाठवा. मग करिअरचं बोलू.