‘त्रासदायक अर्ज’ म्हणून माहिती नाकारता येते का?

प्रश्न : आमच्या भागातील रस्त्यांच्या सततच्या खोदाईबाबत मी एका सार्वजनिक कार्यालयाकडे माहिती अधिकाराखाली अर्ज केले. शेवटच्या अर्जावर ‘आपण वारंवार अर्ज करून कार्यालयास त्रास देत आहात, सबब माहिती देता येत नाही’ एवढेच उत्तर आले. हा नकार कायदेशीर आहे का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये अर्ज त्रासदायक असणे हे नकाराचे कारणच नाही. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचे बंधनही कलम ६(२) नुसार अर्जदारावर नाही. नकार द्यायचा झाल्यास कायद्यातील नेमका अपवाद, बहुतेक वेळा कलम ८ मधील, दाखवावा लागतो आणि तो योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे जन माहिती अधिकाऱ्यावरच असते. ब्रिटनच्या २००० सालच्या कायद्यात कलम १४ अन्वये त्रासदायक अर्ज नाकारण्याची मुभा आहे, पण तेथेही पारख अर्जाची होते, अर्जदाराची नव्हे. आपल्या संसदेने तशी तरतूद केलेली नसताना एखाद्या कार्यालयाने ती स्वतःहून लागू करणे हा नागरिकाच्या हक्कावरील घाला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा वेळी अनेकदा कलम ७(९) पुढे केले जाते. मागितलेल्या स्वरूपात माहिती देण्यासाठी कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर खर्ची पडणार असेल, तर त्या कलमाखाली केवळ स्वरूप बदलता येते. म्हणजे शेकडो पानांच्या प्रतींऐवजी तुम्हाला कागदपत्रांच्या तपासणीस बोलावता येते. माहितीच नाकारण्यास ते कलम आधार देत नाही.

तथापि, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सरसकट आणि अव्यवहार्य मागण्यांबद्दल नापसंती व्यक्त केली होती, हेही ध्यानात ठेवावे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणतः १५० शब्दांचा असावा लागतो. म्हणून रस्त्याचे नाव, कालावधी आणि खोदाईची परवानगी, मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) अशी नेमकी कागदपत्रे लिहा. आधी मिळालेली माहिती पुन्हा मागू नका.

हे उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा आणि नकार कोणत्या कलमाखाली दिला, हा मुद्दा त्यात पहिला मांडा. तेथे निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत व्हायला हवा. तो प्रतिकूल गेल्यास ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरे अपील करता येते. वाजवी कारणाशिवाय माहिती अडवल्याचे दिसल्यास आयोग अधिकाऱ्यास दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड करू शकतो.