हाताचा एक्झिमा, तोही साठीनंतर: तुमचे प्रश्न

प्रश्न: आई ७१ वर्षांची आहे. दोन्ही तळहातांना भेगा, खाज. डॉक्टर एक्झिमा म्हणाले. या वयात होतो का हा?

उत्तर: होतो की! एक्झिमा म्हणजे त्वचेला दाह होऊन खाज, कोरडेपणा, भेगा येणं. २०२१ मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला, त्यात शंभरातल्या साधारण १४-१५ जणांना आयुष्यात कधी ना कधी आणि ९ जणांना वर्षभरात हा त्रास झालेला दिसला, बायकांमध्ये जास्त. हे आकडे सगळ्या वयांचे. म्हातारपणी त्वचा पातळ आणि कोरडी होते, त्यामुळे एकदा भेगा पडल्या की लवकर भरून येत नाहीत, आणि नोकरी सुटली तरी भांडी, फरशी, नातवंडांचे कपडे कुठे सुटतात, हात दिवसभर साबणाच्या पाण्यातच. वयोमानाने होतंच असं म्हणून सोडून देऊ नका. प्रत्येक वेळी हात धुतले की टिपून लगेच व्हॅसलिन, आणि भांडी घासताना रबरी ग्लव्हजच्या आत सुती हातमोजे.

प्रश्न: माझ्या फक्त डाव्या हाताच्या तीन बोटांची टोकं सोलवटतात, उजवा हात चांगला आहे. ग्लव्हज घालूनही फरक नाही.

उत्तर: अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट ना? मग आधी लसणावर संशय. सुरी उजव्या हातात, पाकळी डाव्या हाताच्या याच तीन बोटांत! लसणातलं डायअलिल डायसल्फाइड हे त्याचं कारण, आणि ते बहुतेक ग्लव्हजमधून आरपार जातं, म्हणून तुम्हाला फरक पडला नाही. महिनाभर लसूण दुसऱ्या कुणाला सोलू-चिरू द्या (मिस्टरांना सांगा, काही बिघडत नाही). खात्री करायची तर पॅच टेस्ट (कशाची ॲलर्जी आहे ते बघायची तपासणी), पाठीवर पट्ट्या दोन दिवस ठेवतात आणि त्या काढल्यावर दोनेक दिवसांनी परत बघतात.

प्रश्न: बाबा शेती करतात, वय ६८. हात, मान, चेहरा सगळंच काळवंडून जाड झालंय.

उत्तर: बांधावर गाजरगवत आहे का? तेच काँग्रेस गवत, १९५० च्या दशकात पुण्यात दिसलं आणि मग देशभर पसरलं. त्याची ॲलर्जी होते, आणि त्याचे कण हवेतून उडून उघड्या अंगावर बसतात, म्हणून एकट्या हातांवर भागत नाही. उपटायचं काम दुसऱ्याला द्या, पूर्ण बाह्या घाला आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवाच, घरगुती लेपांनी हे आवरत नाही.

प्रश्न: एकाच तळहाताला खाज, मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबने बरं वाटतं, बंद केली की परत.

उत्तर: ती ट्यूब आधी थांबवा! एकच हात आणि सोबत पायालाही सालं निघत असतील तर ते गजकर्ण असू शकतं. अशा ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, त्याने खाज दबते आणि बुरशी आत मजेत वाढते. त्वचा खरवडून मायक्रोस्कोपखाली बघितली की कळतं, स्वस्तातली टेस्ट आहे.

प्रश्न: नातीला मांडीवर घेऊ ना?

उत्तर: बिनधास्त घ्या, एक्झिमा लागत नाही. फक्त खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यात पुरळ आहे आणि घरात अजून कुणी खाजवतंय, असं असेल तर ती खरूज असू शकते, मग घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावायचं.